‘शैलरहस्य’ आणि वाचकांचे दोन तट : व्योमकेश-मालिकेतील एका उत्तरकालीन कथेचे अभिग्रहण

एकाच नायकाभोवती गुंफलेली गुप्तहेरकथांची मालिका दीर्घकाळ चालली, की तिच्या उत्तरकालीन कथांविषयी वाचकांत मतभेद होतात, हा अनुभव सर्वच भाषांत येतो. ऑर्थर कॉनन डॉयल यांनी १८९३ साली शेरलॉक होम्सचा शेवट केला आणि १९०३ मध्ये त्याला परत आणले. या परत आलेल्या होम्सविषयी कॉर्नवॉलमधल्या एका नावाड्याने केलेली तक्रार डॉयल यांनी १९२४ च्या आपल्या आत्मचरित्रात स्वतःच नोंदवली आहे. कड्यावरून पडून होम्स मेला नसेलही, पण त्यानंतरचा होम्स काही पहिल्यासारखा उरला नाही, असा तिचा आशय. या तक्रारीत कथानकातले दोष दाखवलेले नाहीत, पुरावे कच्चे आहेत असेही म्हटलेले नाही. ओळखीचा माणूस बदलला आहे, एवढेच तीत सांगितले आहे. उत्तरकालीन कथेवरील वाचकांच्या मतांचा विचार करताना हा भेद ध्यानात ठेवावा लागतो. कथा फसली असे म्हणणारा वाचक आणि नायक आपला राहिला नाही असे म्हणणारा वाचक हे दोघे एकच गोष्ट सांगत नसतात, आणि पुष्कळदा ते एकाच कथेविषयी बोलत असले तरी त्यांच्या हातातली मोजपट्टी वेगळी असते.

मराठी अभ्यासकाला या प्रश्नाचे एक उदाहरण अगदी घराजवळ सापडते. ते मराठीतले नाही, बंगालीतले आहे. परंतु ज्या काळात ते लिहिले गेले त्या काळात त्याचा लेखक पुण्यात राहत होता आणि कथेतील घटनास्थळ महाबळेश्वर आहे. शरदिंदु बंद्योपाध्याय (१८९९–१९७०) यांची ‘शैलरहस्य’ ही १९५९ सालची व्योमकेश-कथा ती हीच. व्योमकेश बक्षीच्या बत्तीस पूर्ण कथा आणि लेखकाच्या निधनामुळे अपुरी राहिलेली ‘विशुपाल वध’ ही तेहतिसावी, अशा या मालिकेत ‘शैलरहस्य’ला सर्वोत्तम म्हणणारे वाचक थोडे असतील. तिच्याविषयी उदासीन राहणारे मात्र त्याहून थोडे. जे तिला नापसंत करतात ते ठामपणे नापसंत करतात, आणि ज्यांना ती आवडते त्यांना ती नेमक्या त्याच कारणासाठी आवडते. ते कारण म्हणजे कथेतील भूत.

प्रथम थोडी पार्श्वभूमी. व्योमकेश १९३२ साली बंगाली वाचकांसमोर आला. पुढच्या चार-पाच वर्षांत शरदिंदूंनी त्याच्या सुमारे दहा कथा लिहिल्या, आणि १९३६ नंतर ही मालिका थांबली. १९३८ मध्ये ते बॉम्बे टॉकीजसाठी लिहायला मुंबईत आले. पटकथेच्या धंद्यात व्योमकेशला जागा नव्हती. मधे तब्बल पंधरा वर्षे गेली. कलकत्त्यातील एका स्नेह्याच्या घरी तरुण मंडळींनी व्योमकेश का लिहीत नाही असे विचारले, आणि त्या विचारणेतून १९५१-५२ च्या सुमारास ‘चित्रचोर’ ही कथा लिहिली गेली. म्हणजे मालिकेचे पुनरुज्जीवनच मुळी वाचकांच्या मागणीतून झाले. १९५२ मध्ये चित्रपटाचा व्यवसाय सोडून शरदिंदु पुण्यास स्थायिक झाले ते अखेरपर्यंत. व्योमकेशच्या एकूण कथांपैकी दोन-तृतीयांश कथा या दुसऱ्या पर्वातल्या आहेत. कलकत्त्याच्या गल्ल्या, मेस आणि चहाची दुकाने यांनी भरलेले हे लेखन पुष्कळसे पुण्याच्या हवेत झाले, ही वस्तुस्थिती मराठी वाचकाला सहसा ठाऊक नसते. याच काळात शिवाजी महाराजांच्या सैन्यातील सदाशिव नावाच्या एका पोराच्या साहसकथाही त्यांनी बंगाली मुलांसाठी लिहिल्या. त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या संपादनाशी दुसऱ्या बाजीरावावर ग्रंथ लिहिणारे इतिहासकार प्रतुलचंद्र गुप्त यांचे नाव जोडलेले आहे, हा योगायोगही नोंदवण्याजोगा आहे.

‘शैलरहस्य’ची मांडणी थोडक्यात अशी आहे. कामानिमित्त मुंबईकडे आलेला व्योमकेश जानेवारीच्या थंडीत महाबळेश्वरच्या सह्याद्री हॉटेलात उतरला आहे. मोसम नाही, हॉटेल जवळजवळ ओस पडलेले. मालक सोराब होमजी हा पारशी. रात्री मेणबत्तीच्या उजेडात व्योमकेश कलकत्त्याला अजितला पत्र लिहायला बसतो. लग्नानंतर बायकोला सोडून दोन दिवसही कधी राहिलो नाही, तेव्हा पत्र लिहायची सवय होणार कशी, अशी तो आरंभी थट्टा करतो. मग सूर बदलतो. मुंगेरला एकेकाळी भेटलेल्या वरदाबाबूंची तो अजितला आठवण देतो. भुतेखेते असतील तर असोत, आपण त्यांना हिशेबात धरणार नाही, असे आपण त्यांना सांगितले होते. इथे आल्यावर मात्र त्यांना हिशेबाबाहेर ठेवणे जमेनासे झाले आहे, असा त्याचा कबुलीजबाब आहे. हॉटेलच्या आधीच्या मालकांपैकी एक गुजराती, माणेक मेहता, आणि दुसरा बंगाली, विजय विश्वास. त्यांच्या भागीदारीचा शेवट एका मृत्यूत झाला आहे, आणि व्योमकेशला रात्री जे अनुभव येतात ते त्या मृत्यूकडे बोट दाखवतात. पुढचे काम कलकत्त्यात, अजितच्या हातून व्हायचे आहे. विश्वासची पत्नी हैमवती हिच्याशी त्याची गाठ पडते. उलगडा येथे सांगण्याचे प्रयोजन नाही. प्रश्न एवढाच की ज्या खुणेवरून सत्यापर्यंत जायचे ती खूण या कथेत प्रेताने दिलेली आहे, आणि कथा संपली तरी त्या प्रेताचे बुद्धिगम्य स्पष्टीकरण लेखक देत नाही.

नापसंती दर्शवणाऱ्या वाचकाची बाजू बळकट आहे हे आधी मान्य केले पाहिजे. गुप्तहेरकथा हा वाचकाशी केलेला करार असतो, ही कल्पना १९२०च्या दशकात इंग्रजीत उघडपणे मांडली गेली. रोनल्ड नॉक्स यांनी १९२९ साली सांगितलेल्या दहा नियमांत अलौकिक शक्तींना सरळ मज्जाव केला आहे. त्याच्या आदल्या वर्षी एस. एस. व्हॅन डाइन यांनीही तेच म्हटले होते. नियम पाळले म्हणून कथा चांगली होत नाही, आणि हे दोन्ही लेखक काहीसे मिस्कीलपणे बोलत होते हेही खरे. तरीही नियमामागचा विचार साधा आहे. तपास करणाऱ्याच्या हाती जे साधन आहे ते वाचकाच्याही हाती असले पाहिजे. भूत वाचकाच्या हाती नसते.

शिवाय हा करार शरदिंदूंनी स्वतःच १९३६ मध्ये जाहीरपणे केला होता. वरदा हा त्यांच्याच भूतकथांचा नायक. भूत पाहिलेला, भुतांविषयी बोलताना न थकणारा. ‘व्योमकेश ओ वरदा’ या कथेत त्यांनी आपल्या दोन वेगळ्या कपाटांतली दोन माणसे मुंगेरच्या एका घरात समोरासमोर आणली, आणि तेथे भुताच्या मागे माणूस निघाला. जिंकला तो व्योमकेश. ती कथा वाचून ज्याने मालिकेवर विश्वास ठेवला, त्याला तेवीस वर्षांनी महाबळेश्वरला जे वाचावे लागते ते फसवणुकीसारखे वाटले तर त्याला दोष देता येत नाही. त्यातून पत्राच्या पहिल्या पानावरच मुंगेरचा उल्लेख करून लेखक आपण काय करत आहोत हे पुरते ठाऊक असल्याचे दाखवतो. विस्मरणाने झालेली चूक वाचक माफ करतो. जाणूनबुजून फिरवलेला शब्द माफ करणे जड जाते.

येथे डॉयल यांची आठवण होणे अपरिहार्य आहे. ते स्वतः परलोकविद्येचे कट्टर पुरस्कर्ते होते; १९१६ पासून त्यांनी तो पुरस्कार उघडपणे केला, त्यासाठी ग्रंथ लिहिले, व्याख्याने दिली. पण १९२४ साली लिहिलेल्या ससेक्सच्या रक्तपिपासू भुताच्या कथेत होम्स भुतांना आपल्या कचेरीत थारा देत नाही, आणि कथेचा उलगडाही मानवीच निघतो. लेखकाची श्रद्धा एका बाजूला, नायकाची पद्धत दुसऱ्या बाजूला, असा कडक सोवळेपणा डॉयल यांनी अखेरपर्यंत पाळला. शरदिंदूंना ज्योतिषाचा व्यासंग होता, भूतकथा त्यांच्या लेखणीचा आवडता प्रांत होता; तरी पहिल्या पर्वात त्यांनीही ही भिंत सांभाळली. ‘शैलरहस्य’मध्ये ती पडली. नाराज वाचकाच्या मते हा उतारवयातला सैलपणा आहे: लेखकाने आपली आवड नायकाच्या गळ्यात बांधली.

दुसऱ्या तटाचे म्हणणे मात्र केवळ ‘वातावरण छान आहे’ एवढ्यावर सोडून देण्यासारखे नाही, जरी त्या तटातील पुष्कळ वाचक तेवढेच बोलून थांबतात. व्योमकेशने पहिल्यापासून स्वतःला ‘डिटेक्टिव्ह’ म्हणवून घेण्याचे नाकारले आहे. ‘गोयेंदा’ हा शब्द तर त्याला त्याहून अप्रिय. तो स्वतःला ‘सत्यान्वेषी’ म्हणवतो. बहुतेक वाचक या शब्दाकडे घराच्या दारावरील पाटी म्हणून पाहतात. ‘शैलरहस्य’मध्ये त्या पाटीची परीक्षा होते. डिटेक्टिव्हला नियम असतात. सत्यान्वेषी माणसाला, जे समोर आले ते आपल्या समजुतीत बसत नाही म्हणून दृष्टिआड करण्याची मुभा नसते. व्योमकेशच्या पत्राचा स्वर म्हणूनच श्रद्धाळूचा नाही. त्याला जे दिसले ते मान्य करताना तो अवघडला आहे, पूर्वी घेतलेली भूमिका सोडावी लागल्याचा त्याला संकोच वाटतो आहे, आणि हे सारे त्याने दुसऱ्या कोणालाही न सांगता अजितला सांगितले आहे. मुंगेरला तो वरदाला हसला होता. महाबळेश्वरला हसण्याची पाळी वरदावर यावी अशी स्थिती आहे, आणि ते लपवून न ठेवता तो लिहून काढतो. बुद्धिवादी नायकाचा प्रामाणिकपणा त्याच्या निष्कर्षांत शोधायचा की साक्षीत, हा प्रश्न त्यामुळे उभा राहतो. साक्षीला महत्त्व देणाऱ्या वाचकाला ही कथा मालिकेच्या विरोधात जाणारी वाटत नाही, तिला तो मालिकेच्या मुळाशी नेणारी समजतो.

त्स्वेतान तोदोरोव्ह यांनी १९७० साली अद्भुताची व्याख्या करताना नैसर्गिक आणि अलौकिक या दोन स्पष्टीकरणांमधील दोलायमानतेवर भर दिला होता. त्या व्याख्येत ‘शैलरहस्य’ नीट बसत नाही. व्योमकेश दोलायमान राहत नाही. पत्र लिहायला बसतो तेव्हाच त्याचे अर्धे मन बनलेले असते. दोलायमान होतो तो वाचक, आणि तोही भूत आहे की नाही याविषयी नव्हे. हा व्योमकेशच आहे ना, ही त्याची शंका असते. कॉर्नवॉलच्या नावाड्याची तीच शंका.

सत्यजित राय यांच्या फेलुदाशी तुलना केली तर या दोन तटांमधले अंतर अधिक नेमके मोजता येते. १९९० च्या ‘नयन रहस्य’ या उत्तरकालीन कथेत वाचकांची नापसंती प्रत्यक्ष कथेतच शिरली आहे. अलीकडच्या कथांत पूर्वीची रंगत नाही अशी पत्रे आल्यामुळे फेलुदा खिन्न होऊन बसला आहे आणि त्याच्या सोबत्यांना त्याची समजूत घालावी लागते आहे, असा तिचा आरंभ. मुलांसाठी लिहिलेल्या कथा घरातले सगळेच वाचू लागले की कोणाकोणाला खूश ठेवायचे, हा रायांचा स्वतःचा पेच त्यात डोकावतो. याही कथेच्या केंद्रस्थानी बुद्धीला न पटणारी गोष्ट आहे: आकड्यांविषयीची कोणतीही माहिती क्षणात सांगू शकणारा लहान मुलगा. पण रायांनी एक पथ्य पाळले आहे. मुलाची शक्ती हे गुन्ह्याचे निमित्त होते, तपासाचे साधन होत नाही. १९७१ च्या ‘सोनार केल्ला’तही पूर्वजन्माची स्मृती कथा सुरू करून देते, गुन्हेगार मात्र फेलुदाच शोधतो. ‘शैलरहस्य’मध्ये ही सीमा ओलांडली जाते. मृत माणूस तेथे तपासाचा भागीदार आहे. म्हणून फेलुदाच्या उत्तरकालीन कथांवरील तक्रार बहुधा रंगतीची असते, तर ‘शैलरहस्य’वरील तक्रार न्यायाची.

मराठी गुप्तहेरकथेच्या वाचकाला हा वाद काहीसा परका वाटण्याची शक्यता आहे, आणि त्याची कारणे मराठी रचनेत शोधता येतात. बाबूराव अर्नाळकर (१९०६–१९९६) यांची पुस्तके हजारावर आहेत. धनंजय आणि छोटू, झुंझार आणि विजया, काळापहाड ही पात्रे दशकानुदशके वाचनालयांच्या फळ्यांवरून घरोघरी गेली. इतक्या विस्तारात ‘उत्तरकालीन कथा’ ही कल्पनाच विरून जाते. वाचक फळीवर हाताला येईल ते पुस्तक नेतो. आधीचे कोणते, नंतरचे कोणते, याची त्याला फिकीर नसते, कारण धनंजयला वय नाही. त्याच्या आयुष्यात असे काही घडत नाही की पुढच्या पुस्तकात ते आठवावे लागेल. व्योमकेशचे तसे नाही. ‘अर्थमनर्थम्’मध्ये त्याला सत्यवती भेटते, पुढे त्यांचे लग्न होते, मूल होते, दक्षिण कलकत्त्यात केयातला येथे जमीन घेऊन घर बांधण्याच्या गोष्टी सुरू होतात. ज्या नायकाला चरित्र आहे त्याच्यावरच बदलल्याचा आरोप होऊ शकतो.

मराठी लेखकाने एकाच नायकाच्या कंटाळ्यावर काढलेला उपायही वेगळा दिसतो. नायकाचा स्वभाव ताणण्यापेक्षा तो दुसरा नायक उभा करतो. अर्नाळकरांची वर दिलेली पात्रे एकमेकांपासून पुरेशी दूर आहेत. सुहास शिरवळकरांनी (१९४८–२००३) आपल्या रहस्यकथांच्या पर्वात फिरोज इराणी, बॅरिस्टर अमर विश्वास, मंदार पटवर्धन, दारा बुलंद असे नायक निर्माण केले. ज्या वाचकाला न्यायालय हवे त्याने अमर विश्वासकडे जावे, ज्याला घोडे आणि बंदुका हव्यात त्याने दाराकडे. भुताखेतांसाठी तर निराळेच कपाट होते. नारायण धारप (१९२५–२००८) यांचा ‘समर्थ’ अमंगळ शक्तींशी लढतो, अप्पा जोशी त्याच्या सोबतीला असतो, आणि धनंजयच्या क्षेत्रात पाऊल टाकण्याची त्याला कधी गरज पडत नाही. धारप पुण्याचेच. एकाच शहरात मराठी भयकथेचा लेखक भुतांसाठी स्वतंत्र नायक घडवत होता आणि बंगाली रहस्यकथेचा लेखक आपल्या बुद्धिवादी नायकाच्या दारात भूत आणून उभे करत होता, हे चित्र साहित्येतिहासाला रम्य वाटेल. त्यातून प्रभावाचा संबंध मात्र काढता येणार नाही, काढूही नये. या मांडणीला अपवाद दाखवता येतील. तरी एवढे म्हणता येते की मराठी वाचकाचे अपेक्षाक्षितिज विभागलेले आहे आणि बंगाली वाचकाचे, निदान व्योमकेशपुरते, एका माणसाभोवती गोळा झालेले आहे. एका माणसावर इतक्या अपेक्षा लादल्या की त्यांतली एखादी मोडणारच.

महाबळेश्वरचे काय, हा प्रश्न मराठी वाचक हमखास विचारतो, आणि त्यालाही या कथेविषयी संमिश्र मत बनवण्याचा हक्क आहे. १८२८ नंतर माल्कमच्या काळात वसलेले थंड हवेचे ठिकाण, कृष्णेच्या उगमाचे क्षेत्र, पावसाळ्यात दारे-खिडक्या गवताने शाकारून बंद होणारे गाव, उन्हाळ्यात मुंबई-पुण्याच्या माणसांनी गजबजणारी बाजारपेठ: मराठी मनातले महाबळेश्वर हे असे अनेकपदरी आहे. शरदिंदूंनी त्यातून थंडी, दरी आणि ओस हॉटेल एवढेच उचलले. कथेच्या केंद्रातील माणसे पारशी, गुजराती, बंगाली. त्यांच्यात मराठी कोणी नाही. याला उणीव म्हणता येईल. पण थंड हवेच्या गावातील हॉटेलधंदा खरोखरच अशा बाहेरून आलेल्या माणसांच्या भागीदाऱ्यांवर चालत आला आहे, आणि जेथे कोणीच मूळचे नाही अशा घरात मेलेल्या माणसाला आठवणारेही कोणी उरत नाही. मुंगेरच्या घरातले भूत शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चर्चेचा विषय होते. गावाने त्याला घेरले होते, म्हणून त्याचा उलगडाही माणसांत सापडला. सह्याद्री हॉटेलातल्या मृताला ऐकणारा एकच पाहुणा आहे. स्थळ बदलल्याने भुताचा स्वभावही बदलला, असे म्हणायला येथे जागा आहे.

पत्राच्या रूपबंधाकडे मात्र दोन्ही तटांनी पुरेसे लक्ष दिलेले नाही. व्योमकेशची कथा सांगण्याचे काम अजितचे. ‘शैलरहस्य’मध्ये कथेचा मोठा भाग व्योमकेश स्वतः सांगतो आणि अजितकडे पाहण्याचे, माणसे भेटण्याचे काम येते. सांगणारा शोधतो, शोधणारा सांगतो. डॉयल यांनीही असाच प्रयोग उतारावर केला होता. १९२६ मधल्या दोन कथा होम्सनेच सांगितल्या आहेत, आणि वॉटसनच्या कौतुकाशिवाय होम्स किती शुष्क वाटतो हे बऱ्याच वाचकांना तेव्हा कळले. व्योमकेश शुष्क वाटत नाही, कारण तो जगाला उद्देशून लिहीत नाही, अजितला लिहितो. लाजरा, विनोदी, थोडा घाबरलेला व्योमकेश अजितच्या निवेदनात कधी दिसला नसता. अजितच्या डोळ्यांसमोर तो नेहमी सावरलेला असतो. नाराज वाचकाला जो माणूस अनोळखी वाटतो तो कदाचित बदललेला नसेलही. त्याला प्रथमच मध्यस्थाशिवाय पाहिले जात असेल.

या पत्रव्यवहारात आणखी एक साम्य दडलेले आहे. १९५९ साली महाराष्ट्रात बसून कलकत्त्याला व्योमकेशविषयी लिहून पाठवणारा माणूस व्योमकेश एकटा नव्हता. शरदिंदु वर्षानुवर्षे तेच करत होते. ज्या शहराविषयी लिहायचे ते दूर, ज्यांच्यासाठी लिहायचे तेही दूर. कथेतला हा दुवा लेखकाच्या चरित्राने सिद्ध होतो असे म्हणणे धाडसाचे ठरेल. पण अंतराची जी जाणीव त्या पत्रात आहे ती कलकत्त्यात राहणाऱ्या लेखकाला इतकी सहज साधली असती का, हा विचार मनात आल्यावाचून राहत नाही.

पुढे काही वर्षांनी अजितची सुट्टीच झाली. १९६४ च्या ‘रूम नंबर दुई’पासून ‘शजारूर काँटा’, ‘वेणीसंहार’, ‘लोहार बिस्कुट’ या कथा तृतीयपुरुषी निवेदनात आहेत. एका निवेदनात शरदिंदूंनी त्याची कारणे मोठ्या गमतीने दिली: अजितची भाषा जुनाट झाली, अजून तो साधुभाषेतली क्रियापदे सोडायला तयार नाही, शिवाय पुस्तकांच्या धंद्यात आणि घराच्या बांधकामात तो गुंतलेला. या बदलावरही वाचकांत दुमत आहे. ज्यांना व्योमकेशइतकाच अजित प्रिय होता त्यांना शेवटच्या कथा कोरड्या लागतात; ज्यांना रचना महत्त्वाची वाटते ते ‘शजारूर काँटा’ला मालिकेच्या वरच्या ओळीत बसवतात. ‘शैलरहस्य’ या बदलाच्या आधीची पायरी आहे. अजितवाचून कथा सांगता येते का, हे लेखकाने येथे चाचपून पाहिले, आणि त्यासाठी अजितला दोन हजार किलोमीटर दूर ठेवले.

बहुसंख्य मराठी प्रेक्षकांना व्योमकेश भेटला तो छापील पानांतून नव्हे. बासू चटर्जी यांनी दूरदर्शनसाठी केलेली हिंदी मालिका १९९३ मध्ये आणि तिचा पुढचा भाग १९९७ मध्ये प्रसारित झाला. रजित कपूर यांचा व्योमकेश आजही अनेकांच्या डोळ्यांसमोर आहे. ‘शैलरहस्य’चेही त्या मालिकेत रूपांतर झाले. पडद्यावर भुताचा प्रश्न तितका टोचत नाही. कॅमेरा साक्ष देतो, आणि कॅमेऱ्याच्या साक्षीला प्रेक्षक उलटतपासणी करत नाही. लिखित कथेत साक्ष देणारा व्योमकेशच असल्यामुळे त्याच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे प्रत्येक वाचकाला स्वतः ठरवावे लागते, आणि तट पडतात ते तेथेच.

ही कथा मराठीत आणू पाहणाऱ्या अनुवादकासमोरही हाच प्रश्न वेगळ्या रूपात येतो. अजितची एरवीची साधुभाषा आणि व्योमकेशच्या पत्रातली बोली बंगाली यांमधील अंतर मराठी क्रियापदांतून दाखवण्याची सोय नाही. फार तर १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीचे अनुस्वार अजितच्या लेखणीत ठेवून जुनेपणाचा भास निर्माण करता येईल; पण ते डोळ्यांना दिसेल, कानाला ऐकू येणार नाही. त्याहून अवघड जागा संबोधनाची आहे. व्योमकेश आणि अजित एकमेकांना ‘तुमि’ म्हणतात. बंगालीतले हे सर्वनाम ‘तुइ’ची सलगी आणि ‘आपनि’चा आदर यांच्या मधोमध उभे असते, इतक्या वर्षांच्या सहवासानंतरही त्या दोघांनी ते सोडलेले नाही. मराठीत मित्राला ‘तू’च म्हणावे लागेल, ‘तुम्ही’ म्हटले तर मैत्री उरणार नाही. ‘तू’ म्हटले की पत्रातला संकोच अर्धा नाहीसा होतो. भूत दिसल्याची कबुली ज्याला ‘तू’ म्हणतो त्याला देणे सोपे असते. ‘तुमि’ला ती देताना व्योमकेशला मुंगेरपासून सुरुवात करावी लागते.